गोलंदाज आणि त्याची तोफ

गोलंदाज म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे क्रिकेटचे मैदान येते. मूळ गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा. शब्द टिकला, माणूस मात्र विसरला गेला. आपल्या इतिहासप्रेमाचेही तसेच झाले आहे. तोफांची नावे आपल्याला पाठ. तोफखाना चालायचा कसा, हे कुणी विचारीत नाही.

सुरतेचेच बघा. आपल्या लेखी सुरत म्हणजे १६६४ ची लूट. पण आम्हा गोवेकरांचा धागा त्याहून जुना आहे. १५३० साली पोर्तुगिजांनी हे शहर जाळले. त्यांच्या धाकापायी तिथे तापीकाठी भक्कम किल्ला उभा राहिला, त्यावर तोफा चढल्या. पुढे जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज आले तेव्हा सुभेदार इनायतखान त्याच किल्ल्यात दडून बसला. तोफा धडाडत राहिल्या, पण फटका बसला तो जास्त करून गावातल्याच घरांना! उलट ऑक्झिंडनच्या मूठभर इंग्रजांनी आपली वखार राखली. मोठ्या तोफा किल्ल्यात होत्या. शिस्त आणि धीर वखारीत होता.

मराठे हे शिकले नाहीत असे नाही. पेशव्यांच्या तोफखान्याची जबाबदारी पानसे घराण्याकडे होती. सासवडजवळचा मल्हारगड त्यांनीच बांधला. महादजी शिंद्यांनी द बॉइन या सॅव्हॉयच्या सेनानीकडून कवायती पलटणी आणि उत्तम तोफखाना उभारून घेतला. दोष एकच राहिला. हुकूम देणारे अधिकारी भाड्याचे होते. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपले आणि त्यातले कितीतरी जण शिंद्यांना सोडून गेले. लासवारीला आपले गोलंदाज तोफांपाशीच लढत मेले. शत्रूनेही त्यांची वाखाणणी केली. शौर्य आपले, विद्या उसनी. मला हा पराभव पानिपताहून अधिक बोचतो.

इंग्रजांनी यातला धडा बरोबर ओळखला. आजची आपली तोफखाना रेजिमेंट आपला वाढदिवस २८ सप्टेंबरला साजरा करते, कारण १८२७ साली त्या दिवशी मुंबई सैन्यात एक देशी गोलंदाज कंपनी उभी राहिली. पण १८५७ नंतर थोड्या पहाडी तोफा सोडल्या तर हिंदी माणसाच्या हातून तोफ काढून घेण्यात आली. मैदानी तोफा पुन्हा हाती यायला १९३५ साल उजाडावे लागले. बंदूक दिली तरी चालेल, तोफेचे गणित देऊ नका, असाच त्याचा अर्थ!

आणि ते गणितच आहे. तोफखान्याच्या एका रेजिमेंटमध्ये साधारणपणे तीन बॅटऱ्या, प्रत्येक बॅटरीत सहा तोफा. तोफा कित्येक किलोमीटर मागे. पायदळासोबत पुढे जातो तो त्यांचा निरीक्षक अधिकारी. तो लक्ष्य पाहून वायरलेसवर सांगतो, मागे अंतर, वारा, उंची यांचा हिशेब होतो, मग गोळा सुटतो. गोलंदाजाला बहुधा शत्रू दिसतच नाही. सगळा खेळ विश्वासाचा. हे शिक्षण आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत मिळते, हे किती मराठी घरांना ठाऊक असेल?

आता पुन्हा सुरत. तापीच्या मुखाशी हजिरा इथे लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात ‘के-९ वज्र’ ही स्वयंचलित गाडीवरची १५५ मिलिमीटरची तोफ तयार होते. २०१७ च्या करारातल्या शंभर तोफा २०२१ पर्यंत लष्कराला मिळाल्या. २०२४ च्या डिसेंबरात आणखी शंभरांची मागणी नोंदली गेली. अभिमान वाटतोच. पण आराखडा मूळ दक्षिण कोरियाचा आहे, हे विसरून ढोल पिटू नयेत. दुसऱ्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. महादजींनीही तेच केले. ती विद्या इथल्या अभियंत्यांच्या अंगात मुरेपर्यंत काम अर्धेच आहे, एवढेच माझे म्हणणे.

आमच्या गोव्यातल्या किल्ल्यांवर जुन्या तोफा पडून आहेत. पर्यटक त्यांवर बसून फोटो काढतात, आपणही काढतो. पुढच्या खेपेस मुलांना घेऊन गेलात तर तोफ किती जुनी हे सांगाच; पण ती कुणी ओतली, नेम कुणी धरला आणि हुकूम कुणाचा होता, हेही विचारायला शिकवा. लासवारीच्या गोलंदाजांचे तेवढे देणे आपण लागतो.