वेळापत्रक मुलीचे नव्हे, घराचे

बारावी सायन्सचे वर्ष सुरू झाले की पेण-रोह्यातल्या कितीतरी घरांच्या भिंतीवर नीटचे वेळापत्रक चिकटते. पहाटे चारला उठायचे, बारा तास अभ्यास करायचा, रात्री अकराला झोपायचे. ते बहुधा मोबाईलवरून उतरवलेले असते आणि कोटा किंवा लातूरच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलासाठी बनवलेले असते. त्याला जेवण मेसमध्ये मिळते आणि क्लास जवळच असतो. आपली रोह्याची मुलगी पनवेलला क्लासला गेली, तर जाण्यायेण्यात आणि गाडीची वाट पाहण्यात तीन-चार तास सहज जातात. दिवा-रोहा मार्गावर मेमू दिवसाला मोजक्याच. घरी आल्यावर पाणी, भाकऱ्या आणि धाकट्या भावंडांचा गृहपाठ तिचीच वाट पाहत असतो. तीन आठवड्यांत वेळापत्रक मोडते आणि घर निकाल देते, "हिचे अभ्यासात लक्षच नाही."

माझे म्हणणे असे, की वेळापत्रक मोडते ते बहुतेक वेळा घर बदलत नाही म्हणून.

आधी साधा हिशेब करू. बारा तासांचा बेत तीन आठवडे टिकला तर अडीचशे तास होतात. कॉलेज, प्रवास, सात तास झोप, नमाज आणि जेवण वजा करून रोज पाचच तास उरले, पण ते जून ते एप्रिल टिकले, तर दीड हजारांच्या पुढे जातात. लग्न, आजारपण आणि मुसळधार पावसात गेलेली वीज यांचे दिवस वगळले तरी हजाराहून बरेच जास्त उरतात. म्हणून पहिला आठवडा नवा बेत आखण्यात घालवू नये. कोणता तास कुठे जातो, एवढेच वहीत लिहावे. त्यानंतर विषय वाटावेत.

वाटणी पेपर पाहून करावी. 180 प्रश्न, 720 गुण. त्यात जीवशास्त्राचे 90 प्रश्न, म्हणजे निम्मे गुण. चुकलेल्या उत्तराला एक गुण कापला जातो. नीटची तयारी एनसीईआरटीच्या पुस्तकांवर होते आणि कॉलेजात राज्य मंडळाची पुस्तके शिकवतात. त्यामुळे दोन्हींचे धडे जुळवून एक यादी केली नाही, तर एकच विषय दोनदा वाचला जातो आणि दुसरा राहून जातो. दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेल्या मुलांना अकरावीत अचानक इंग्रजी शास्त्र समोर येते. त्यांनी पहिले दोन महिने रोज अर्धा तास केवळ संज्ञांसाठी ठेवावा. नीटचा पेपर उर्दूत आणि मराठीतही मिळतो, पण वर्षभर इंग्रजी पुस्तके वाचून पेपर कोणत्या भाषेत सोडवायचा, हे फॉर्म भरण्याच्या दिवशी ठरवू नये.

आता रमजानचे पाहू. 2025 मध्ये तो मार्चमध्ये आला, 2026 मध्ये 19 फेब्रुवारीपासून. पुढच्या वर्षी आणखी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकेल. म्हणजे सध्या तो बारावीच्या बोर्ड परीक्षेवरच येतो. सेहरीनंतर, फजर झाल्यावरचे दोन तास घरात शांतता असते. अवघड विषय तेव्हा घ्यावा आणि दुपारी झोप भरून काढावी. पण असरनंतर मुलगी भजी तळायला उभी राहणार आणि तिचा भाऊ मात्र पुस्तक घेऊन बसणार, असे असेल तर वेळापत्रकाला अर्थ नाही. इफ्तारच्या दस्तरखानावर एक वर्ष चार पदार्थ कमी आले, तर रोजा उणा होत नाही.

हे मुलीपुरते बोलतो आहे, त्याला कारण आहे. मुलगा नापास झाला किंवा गुण कमी पडले तर त्याला आणखी एक वर्ष मिळते. मुलीला ते वर्ष बहुधा मिळत नाही, स्थळे येऊ लागतात. जिला एकच संधी आहे, तिचेच तास घर सर्वात आधी खर्च करते. अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, पण ते जिल्ह्यात आले म्हणून जागा आपोआप घरी येत नाही. त्या जागांसाठी राज्यभरातली मुले रांगेत असतात.

तेव्हा घरातल्या मोठ्यांनी एका संध्याकाळी बसून आपले वेळापत्रक लिहावे. पाणी कोण भरेल, स्टेशनवर घ्यायला कोण जाईल, टीव्ही कधी बंद होईल. वडील आखातात असतील, तर त्यांचा रात्रीचा व्हिडिओ कॉल किती वाजता आणि किती मिनिटांचा, तेही लिहावे. नीटचा पेपर दुपारी दोनला सुरू होतो आणि तीन तास चालतो. त्यामुळे जानेवारीपासून दर रविवारी त्याच वेळेत घरी सराव पेपर व्हावा, आणि तेवढे तीन तास पाहुण्यांना "नंतर या" म्हणावे. मुलीचा कागद भिंतीवर लावायचा, तर हाही त्याच्याच शेजारी लावावा.