शेऱ्याने प्रकृती कळत नाही

पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात कारखाने चालविणारे आमचे काही स्नेही असे ठासून प्रतिपादन करतात की, जो कामगार पगार हाती पडताच बिनपरवानगी गैरहजर राहतो, क्षुल्लक बोलण्यावरून सुपरवायझरच्या अंगावर धावून जातो आणि हप्त्याने घेतलेली मोटारसायकल नाशिक रस्त्यावर बेफाम हाकतो, त्याला आजार कसला, निव्वळ माज आहे, आणि माजाचा उतारा म्हणजे कारणे दाखवा नोटीस. प्रेसवर उभ्या असलेल्या उतावळ्या माणसापायी शेजाऱ्याची बोटे जाऊ शकतात, एवढे त्यांचे म्हणणे आम्हास निर्विवाद मान्य आहे. मात्र हजेरीपटावरील शेरा हेच निदान, हा त्यांचा सिद्धान्त साफ अमान्य आहे.

2022 पासून अंमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात, परिणामांचा विचार न करता ऊर्मीमागे धावण्याच्या या प्रवृत्तीस स्वतंत्र रोग मानलेले नाही. व्यक्तिमत्त्वाच्या पाच गुणक्षेत्रांपैकी ती एक असून निरोगी माणसांतही कमीअधिक आढळतेच. आमच्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचे तिसरे कलमही, समाजाच्या वा कामाच्या रूढ मूल्यांशी पटत नाही एवढ्यावरून कोणास मनोरुग्ण ठरवू देत नाही. तेव्हा सरसकट माजाचा आरोप जितका पोकळ, तितकाच ‘बिचारा आजारी आहे’ हा काही पुढाऱ्यांचा कैवारही. चाळिशीपर्यंत नेमस्तपणे वागलेला इसम एकाएकी बेफाम झाला, तर डोक्याला मार, उन्माद किंवा मद्य यांचा शोध आधी घ्यावयास हवा.

खरी गफलत उपचारात होते. ‘महिन्याने दाखवायला या’ असे केसपेपरावर लिहून ज्याला वाटेस लावले जाते, त्याच्यापाशी महिन्याची तारीख पाळण्याइतका संयम असता तर तो मुळात आला कशाला असता? तो येत नाही, आणि मग ‘रुग्ण सहकार्य करीत नाही’ असा दुसरा शेरा पहिल्यास येऊन मिळतो. या स्वभावावर रामबाण गोळी नाही. परंतु थोड्या दिवसांची मुदत, घरच्यांचा सहभाग, रात्रपाळी सुटल्यावर गाठता येईल अशी वेळ आणि तारीख चुकल्यास दवाखान्यातून येणारा फोन, ही बाहेरची शिस्त आतल्या संयमाची उणीव पुष्कळशी भरून काढते. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी 1986 साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणाने, बरे झालेल्या रुग्णांच्या व कुटुंबीयांच्या आधाराने असा पाठपुरावा व्यसनी माणसांच्या बाबतीत करून दाखविला आहे. चाकण तेथून फार दूर नाही.

ज्याच्या पगारातून कामगार विम्याची वर्गणी दरमहा कापली जाते, त्याला चौकशी अधिकाऱ्यापुढे उभे करण्यापूर्वी, त्याच्या संमतीने, विमा दवाखान्यामार्फत मनोविकारतज्ज्ञापुढे बसविण्याची तसदी व्यवस्थापनाने घ्यावी.