पारख्याचा पेशा

बक्षीससमारंभाच्या दिवशीं ढाल घेण्यास जो मुलगा व्यासपीठावर येतो, त्याचेकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात. तो प्रथम कोणाच्या दृष्टीस पडला, त्याचे हातीं चेंडू कोणीं दिला आणि त्याच्या वडिलांची समजूत कोणीं घातली, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. या न विचारलेल्या प्रश्नाविषयींच येथें चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा खेळ मोठा लोकप्रिय आहे. तेथील कॉलेजांच्या संघांस एक मुख्य शिक्षक असतो व त्याच्या हाताखालीं साहाय्यक शिक्षक असतात. यांपैकीं एकाकडे बहुधा नवे खेळाडू शोधून आणण्याचें काम असतें. हा गृहस्थ गांवोगांवच्या हायस्कुलांचे सामने पाहत हिंडतो. चेंडूचा वेग तर तो पाहतोच, पण मुलाचे परीक्षेंतील गुणही पाहतो, त्याच्या शिक्षकांस भेटतो आणि आईबापांशीं बोलतो. देण्यासारखें त्याचेजवळ फार नसे. पहिल्या श्रेणीच्या कॉलेजास या खेळाकरितां पूर्ण अशा अवघ्या 11.7 शिष्यवृत्त्या देण्याची मुभा पुष्कळ वर्षें होती, व त्यांचे तुकडे करून त्या अनेक मुलांत वांटाव्या लागत. हा नियम 2025 सालीं बदलला. एक साहाय्यक तर 2023 पर्यंत बिनपगारीच काम करी. इतकी पायपीट करून विजयाच्या दिवशीं हा मनुष्य छायाचित्राच्या कडेला उभा असतो.

अशीं माणसें आपल्याकडे नाहींत असें कोणीं समजूं नये. आपल्या कोल्हाराहून थोड्याच अंतरावर श्रीरामपूर आहे. तेथें 1978 सालीं जन्मलेले झहीर खान सतराव्या वर्षीं वडिलांबरोबर मुंबईस गेले. इंजिनिअरिंगची वाट मोकळी असतां वडिलांनीं त्यांस क्रिकेटच्या वाटेनें जाऊं दिलें. मुंबईंत नॅशनल क्रिकेट क्लबचे सुधीर नाईक यांनीं त्या अनोळखी मुलास हाताशीं धरिलें. पुढें चेन्नईच्या एम. आर. एफ. संस्थेंत टी. ए. शेखर व डेनिस लिली यांच्या देखरेखीखालीं त्यांची गोलंदाजी घडली, बडोद्याच्या संघांत त्यांस स्थान मिळालें, आणि 2000 सालीं ते भारताकडून खेळूं लागले. 92 कसोटी सामन्यांत 311 बळी ही त्यांची कमाई मुलांस तोंडपाठ आहे. नाईकांचें नांव किती मुलांस ठाऊक आहे?

नाईक स्वतः अवघे तीन कसोटी सामने खेळले. 1970-71 च्या हंगामांत मुंबईचे नामांकित खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेले असतां उरलेल्या मंडळींस घेऊन त्यांनीं रणजी करंडक जिंकून दाखविला. उत्तरवयांत त्यांनीं वानखेडे मैदानाच्या मातीची निगा पत्करिली. 2011 सालीं जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना त्यांनींच सिद्ध केलेल्या खेळपट्टीवर झाला, आणि त्या दिवशीं भारताच्या गोलंदाजीचा आरंभ त्यांच्याच शिष्यानें केला. गुरूनें भूमि तयार करावी व शिष्यानें तीवर धांवावें, याहून गुरूच्या कामाचें चांगलें चित्र आम्हांस सांपडत नाहीं. नाईक 2023 सालीं वारले.

आपल्याच प्रवरेच्या वरच्या अंगास, संगमनेर तालुक्यांत, आश्वी खुर्द येथें अजिंक्य रहाणे यांचा जन्म झाला. त्यांस मुंबईंत प्रवीण आमरे यांनीं शिकविलें. आमरे यांस रमाकांत आचरेकर यांनीं शिकविलें होतें. आचरेकर स्वतः पहिल्या दर्जाचा एकच सामना खेळले. परंतु सचिन तेंडुलकर यांचे गुण ओळखून शाळा बदलण्याचा सल्ला त्यांनींच दिला. दिव्यानें दिवा लागत जातो तो असा.

आतां एक कबुली द्यावयाची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका शाळेंत असतांना ऊसतोडीस आलेल्या कुटुंबांतील एक मुलगा हंगामापुरता आमच्या वर्गांत बसत असे. एके दिवशीं खेळाच्या तासास त्यानें मैदानाच्या कडेच्या चिंचेखालून चेंडू फेंकला, तो टप्पा न पडतां सरळ यष्टीवर आला. मीं त्यास पुन्हां फेंकावयास सांगितलें, पुन्हां तसेंच. नगरच्या एका ओळखीच्या गृहस्थांस त्याविषयीं पत्र लिहावें असें मनांत आलें. परंतु उत्तरपत्रिका तपासावयाच्या होत्या, पत्र राहिलें. गाळप संपलें, गाड्या निघाल्या, बाकावरील जागा रिकामी झाली. पुढच्या हंगामांत तो दिसला तो फडांत, हातीं कोयता घेतलेला. त्यानें मला नमस्कार केला. मीं पत्र लिहिलें नव्हतें हें त्यास ठाऊक नव्हतें, मला होतें.

तो मोठा खेळाडू झालाच असता असें माझें म्हणणें नाहीं. 2008 सालीं अमेरिकेंतील मंडळींनीं आपल्या देशांत बेसबॉल फेंकणाऱ्यांची स्पर्धा घेतली. उत्तर प्रदेशांतील रिंकू सिंग व दिनेश पटेल हे भालाफेंक करणारे दोन तरुण तींतून निवडले गेले, आणि त्याच वर्षीं पिट्सबर्ग येथील नामांकित संघानें त्यांस करारानें घेतलें. ते त्या खेळाच्या शिखरास पोहोंचले नाहींत. पण त्यांच्या दंडांतील बळ कोणीं तरी पाहिलें.

पालक म्हणतात, “खेळानें पोट भरत नाहीं.” हें बहुतेकांच्या बाबतींत खरें आहे, आणि जो पारखी हें लपवितो तो मुलाचा वैरी होय. सच्च्या पारख्यानें घरीं येऊन प्रथम शिक्षणाची गोष्ट काढावी, मग खेळाची. आणि जें आपल्या हातीं नाहीं त्याचें वचन देऊं नये. पण याच सत्याची दुसरी बाजू अशी कीं, न पाहिलेला गुण हा न पेरलेल्या बियाण्यासारखा आहे. तो वाया गेल्याचा हिशेब कोणत्याही वहींत होत नाहीं.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक शाळेंत एक वही असावी. कोणाचा हात लांब, कोणाचा पाय चपळ, कोणाचा गळा गोड, कोणाची गणितांत गति, हें शिक्षकांनीं तींत लिहावें, आणि वर्ष संपण्यापूर्वीं त्यांतील प्रत्येक नांवासाठीं एक तरी पत्र योग्य माणसाकडे धाडावें. हंगामापुरत्या येणाऱ्या मुलांचीं नांवें सर्वांच्या आधीं लिहावीं, कारण त्यांचेपाशीं वेळ थोडा असतो. पालकांनीं, शिक्षक दाराशीं आले असतां, त्यांचें म्हणणें ऐकून घ्यावें. आणि विद्यार्थिमित्रहो, उद्यां तुम्हांपैकीं कोणी ढाल घेण्यास व्यासपीठावर चढाल, तेव्हां एकवार वळून पाहा. मागच्या रांगेंत कडेला कोणी तरी उभें असेल.