सोमवारी पुन्हा त्याच साइटवर

१४ सप्टेंबर २०२५ ला दुबईत आशिया चषकाचा भारत-पाकिस्तान सामना झाला आणि तो जिंकल्यावर भारतीय खेळाडू हस्तांदोलन न करता मैदानाबाहेर पडले. आपण पहलगाम हल्ल्यातल्या पीडित कुटुंबांच्या पाठीशी आहोत असं सांगून कर्णधार सूर्यकुमार यादवने तो विजय सैन्यदलांना अर्पण केला. यावर आपल्याकडे दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिलं-बोललं गेलं. तो रविवार होता. सोमवारी सकाळी त्याच शहरात हजारो भारतीय आणि पाकिस्तानी एकमेकांच्या शेजारी कामाला लागले. संयुक्त अरब अमिरातीत भारतीयांची संख्या ३५ लाखांच्या वर आहे, पाकिस्तानी १५ लाखांच्या घरात. संघ सामना संपला की विमानात बसतो. या माणसांना मात्र पुढची कित्येक वर्षं एकाच छपराखाली काढायची असतात. त्यांनी एकमेकांशी कसं वागावं, हे क्रिकेट संघाकडे बघून ठरवता येणार नाही.

तिथल्या बांधकामाच्या साइटवर टॉवर क्रेन चालते ती बघण्यासारखी असते. वर केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरला लोखंडाचा गठ्ठा नेमका कुठे टेकणार हे बहुतेक वेळा दिसतच नाही. खाली उभा असलेला रिगर वॉकीटॉकीवर सांगत राहतो: थोडा नीचे, और, बस, रोक. वरचा होशियारपूरचा असतो आणि खालचा सियालकोटचा, किंवा उलट. रिगर ‘रोक’ म्हणाला की वरच्याने त्या क्षणी थांबायचं. का, हे विचारायला वेळ नसतो. गठ्ठ्याखाली नेपाळी, बांगलादेशी, तेलुगू, असे कुणीही असू शकतात. या दोघांची मैत्री असलीच पाहिजे असं नाही. पण एकमेकांच्या शब्दावर भरवसा नसेल तर काम होणार नाही, माणूस मरेल.

मला वाटतं, विचाराची सुरुवात इथून व्हावी. सहकाऱ्याला आपण काय देणं लागतो आणि काय नाही, हे आधी वेगळं करायला हवं. खरी माहिती, वेळेवर दिलेला निरोप, त्याने केलेल्या कामाचं श्रेय, तो आजारी असताना सांभाळलेली त्याची पाळी, हे सगळं देणं आहे. पासपोर्टच्या रंगावर ते कमी-जास्त होत नाही. जेवणाच्या सुट्टीत एकत्र बसणं, ईद-दिवाळीला घरी जाणं, गप्पा मारणं ही ज्याच्या त्याच्या मनाची गोष्ट आहे.

हा फरक केला की बहिष्काराची भाषा करणाऱ्यांचं म्हणणंही नीट ऐकता येतं. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरण पठारावर २६ जण मारले गेले. त्यातले सहा महाराष्ट्रातले, आणि तिघे एकट्या डोंबिवलीचे. दुबईत नोकरी करणाऱ्या डोंबिवलीकराला त्या आठवड्यात पाकिस्तानी सहकाऱ्यासोबत चहा घ्यावासा वाटला नसेल, तर त्याला कुणी कोत्या मनाचा म्हणू नये. दुःखात असलेल्या माणसाकडून सौजन्याची वसुली करायची नसते. पण त्याने त्या सहकाऱ्याचा मेल मुद्दाम दाबून ठेवला, किंवा ड्रॉइंगमधली चूक दिसूनही सांगितली नाही, तर त्याला माझा पाठिंबा नाही. गोळ्या झाडणाऱ्यांचा हिशोब लाहोरच्या ड्राफ्ट्समनकडून चुकता होत नाही.

दुसरी बाजूही आहे. ७ मेच्या पहाटे भारताने बहावलपूर, मुरीदकेसह नऊ ठिकाणी हल्ले केले. अतिरेक्यांच्या तळांवर केलेली ही कारवाई मला योग्य वाटते. पण त्यातल्या एखाद्या गावात घर असलेला पाकिस्तानी कामगार त्या रात्री फोन हातात धरून बसला असेल, तर त्याची भीती खोटी नव्हती. पुंछवर तोफगोळे पडत असताना तिथल्या माणसाचीही तीच गत होती. भारतात उत्तर आणि पश्चिमेकडचे ३२ विमानतळ बंद, पाकिस्तानचं आकाश बंद. घरी जायचं म्हटलं तरी वाट नव्हती. १० मेला शस्त्रसंधी झाली, तरी भारतातले ते विमानतळ उघडायला १२ मे उजाडला.

अशा वेळी कंपन्या एचआरकडून एक मेल पाठवतात: कामाच्या ठिकाणी राजकीय चर्चा टाळावी. तणावाच्या दिवसांत हे बरोबरच आहे. अमिरातीत तर कायदाही कडक आहे. द्वेष पसरवण्याविरुद्धचा कायदा २०१५ मध्ये आला. २०२० मध्ये सोशल मीडियावरच्या मुस्लिमद्वेष्ट्या मजकुरावरून तिथल्या काही भारतीयांच्या नोकऱ्या गेल्या, तेव्हा भारताचे तिथले राजदूत पवन कपूर यांनी आपल्याच लोकांना जाहीरपणे समज दिली होती. पण राजकारण बोलू नका म्हणजे काहीच बोलू नका, असं नव्हे. पहलगामनंतर शेजारच्या टेबलावरचा पाकिस्तानी माणूस शब्दानेही काही बोलला नाही, हे भारतीयांना लागलं असणार. ‘वाईट झालं, तुमचं कुणी नव्हतं ना?’ एवढं वाक्य राजकीय नसतं. मात्र ते आपणहून यावं. निषेध कर, नाहीतर तू त्यांच्यातला, अशी परीक्षा घेणं चूकच. तशी परीक्षा भारतातल्या मुसलमानाला वारंवार द्यावी लागते आणि ती किती बोचते हे आपण जाणतो.

वरिष्ठ-कनिष्ठ नात्यात मात्र प्रश्न फार अवघड होतो, आणि चर्चेत नेमका तोच सुटतो. टाइमकीपर भारतीय आणि गँग पाकिस्तानी, किंवा फोरमन पाकिस्तानी आणि हाताखालची पोरं बिहारची, असं सर्रास असतं. ओव्हरटाइमचे तास कोण लिहितो, रजेचा अर्ज कुणाच्या टेबलावर पडून राहतो, जून ते सप्टेंबरच्या उन्हात सावलीतलं काम कुणाला मिळतं, हे एका माणसाच्या हातात असतं. इथे शत्रुत्व उघड दिसत नाही. महिन्याच्या पगारात दीडशे दिरहम कमी येतात, एवढंच. शिव्या देणाऱ्या सहकाऱ्यापेक्षा हा गोड बोलणारा टाइमकीपर जास्त नुकसान करतो.

स्क्रीनशॉटचंही तेच. मनातला राग म्हणून व्हॉट्सॲपवर टाकलेली ओळ कुणीतरी जपून ठेवतो आणि बढतीच्या वेळी एचआरकडे पोहोचवतो. तिथे बहुतेकांचा राहण्याचा परवाना नोकरीशी जोडलेला. नोकरी गेली की मुलांची शाळा, घराचा करार, सगळं थोड्याच अवधीत आवरावं लागतं. खरोखर विखारी मजकुराची तक्रार झालीच पाहिजे. पण स्पर्धकाला हटवण्यासाठी केलेली तक्रार ही देशभक्ती नव्हे, इकडचीही नाही आणि तिकडचीही.

कामगारांच्या कॅम्पमध्ये भांडणं नकोत म्हणून कॅम्प बॉस देशावार खोल्या देतात, मेसही वेगळ्या होतात. बारा तास राबून आलेल्या माणसाला आपल्या भाषेत बोलायला आणि आपल्या चवीचं खायला मिळावं, यात गैर काहीच नाही. कामाच्या गँगही तशाच पाडल्या, की मात्र अफवांना रान मोकळं मिळतं. खोल्या वेगळ्या असाव्यात, गँग मिसळलेल्या असाव्यात, असं माझं मत आहे. काँगोमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय ब्रिगेड उत्तर किवूत आणि पाकिस्तानी ब्रिगेड दक्षिण किवूत अशा वर्षानुवर्षं एका कमांडखाली होत्या. गणवेशातल्या माणसांना जे जमलं ते सुतार-फिटरना न जमण्याचं कारण नाही, फक्त वरचा हुकूम स्पष्ट हवा.

हे झालं आखातातलं. ब्रिटनमध्ये गोष्ट आणखी वेगळी. साठच्या दशकात पाकव्याप्त काश्मीरमधल्या मंगला धरणाने उठवलेल्या मीरपूरकरांची नातवंडं आज ब्रॅडफर्डमध्ये ब्रिटिश नागरिक आहेत. पुण्याहून गेलेल्या इंजिनिअरने त्यांना पाकिस्तानी लष्कराचे प्रतिनिधी समजून जाब विचारणं अन्यायाचं ठरेल.

पुढचा तणाव कधी येईल सांगता येत नाही, पण तो येणार हे धरून कंपन्यांनी काही गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात. ज्याचं गाव माऱ्याखाली आहे त्याला पासपोर्ट न बघता रजा द्यावी. त्या काळातले ओव्हरटाइमचे आणि पाळ्यांचे कागद तिसऱ्या देशाच्या माणसाने तपासावेत. स्क्रीनशॉटवर कारवाई करण्याआधी दोघांनाही समोर बसवून ऐकून घ्यावं. आणि क्रेनवरची जोडी त्या आठवड्यात बदलायची की नाही, हे त्या दोघांनाच विचारावं.