जुन्या पिकअपची उंची वाढविण्यापूर्वीं

पिकअप गाडी ही आतां बागाईतदाराची चैन राहिली नसून विहिरीवरील पंपाइतकीच गरजेची वस्तु झाली आहे. नवी गाडी घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते; म्हणून पुष्कळजण दहा-पंधरा वर्षें चाललेली गाडी घेतात. पहिल्याच पावसाळ्यांत अशा गाडीचें पोट पाणंदीच्या मधल्या उंचवट्यास घासूं लागलें, कीं ती उंच करून घ्यावी असा विचार मनांत येतो. ही अडचण खोटी नाहीं. कांद्यानें भरलेली गाडी चिखलांत अडकून लासलगावचा लिलाव हुकला, म्हणजे काय वाटतें तें ज्याचें त्यालाच ठाऊक. तथापि या कामावरील बराचसा पैसा चुकीच्या जागीं खर्च होतो, असें आमचें मत झालें आहे व तें सभासद बंधूंपुढें ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कमानीचे पाटे हे आंस आणि चेसिस यांच्या मध्यें असतात. त्यामुळें पाटे उंच केले तर त्यांच्या वरचा भाग, म्हणजे चेसिस, हौदा व केबिन एवढाच वर जातो. मागच्या आंसाच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा, जो बहुधा गाडीचा सर्वांत खालचा भाग असतो, तो होता तेथेंच राहतो. त्यास वर उचलण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे मोठे टायर. आणि टायरचा व्यास एक इंच वाढला तर गोळा अर्धाच इंच वर जातो. यास्तव गॅरेजकडे जाण्यापूर्वीं गाडीखालीं निजून घासल्याच्या खुणा पाहाव्या. खुणा गोळ्यावर असतील तर कमानीवर कितीही पैसा ओतला तरी फळ नाहीं. खुणा चेसिसवर, सायलेन्सरवर किंवा डिझेलच्या टाकीवर असतील, तरच कमानीचा विचार करावा.

दुसरी गोष्ट अशी, कीं जुनी गाडी मुळांत ठेंगणी नसते. ती बसलेली असते. सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करावी, चारही टायरांत योग्य हवा भरावी आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचें अंतर मोजावें. त्याच जातीच्या एखाद्या चांगल्या गाडीशीं तें ताडून पाहावें. आमची स्वतःची गाडी उंच करण्यास निघालों, तेव्हां मिस्त्रीनें हें माप घेतलें. मागची उजवी बाजू डावीपेक्षां दोन इंच खालीं होती, एक पाटा तडकला होता आणि शॅकलचे बुश पार झिजून गेले होते. मागच्या दोन्ही बाजूंस मूळ मापाचे नवे पाटे व बुश घालतांच गाडी आपल्या मूळ उंचीवर आली आणि पुढें लिफ्टची गरजच उरली नाहीं. जुन्याच पाट्यांस ठोकून बांक देणें स्वस्त पडतें खरें. पण पोलादास रीतसर पाणी दिलें नाहीं, तर ते एक-दोन हंगामांत पुन्हां बसतात.

इतक्यावरही उंची हवीच असेल, तर तिच्या रीति व त्यांचे दोष जाणून घ्यावे. जादा पाटा घातल्यानें कमान कठीण होते; भरलेल्या गाडीस तें सोसतें, पण थोड्या मालाची गाडी उडते आणि द्राक्षें व टोमॅटो वाटेंतच दबतात. आंस व पाटे यांच्यामध्यें ठोकळा घालणें सोपें आहे. मात्र तो मागेंच चालतो. पुढच्या आंसावर ठोकळा कधींही घालूं नये, कारण तेथें ब्रेक आणि स्टेअरिंग या दोहोंचा ताण येतो. आणखी एक धोका फारसा कोणी सांगत नाहीं. अनेक पिकअपांत आंस व चेसिस यांतील अंतरावरून भार ओळखणारा ब्रेकचा व्हॉल्व्ह मागें असतो. गाडी उंच केली, कीं तो भरलेल्या गाडीस रिकामी समजतो आणि मागच्या ब्रेकचा जोर कमी करतो. त्याची जुळणी पुन्हां करून घेतली नाहीं, तर उतारावर भरलेली गाडी वेळेवर थांबणार नाहीं.

उंचीची किंमत तोलांतही द्यावी लागते. समजा, दोन्ही बाजूंच्या चाकांतील अंतर ५६ इंच आणि भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ३२ इंच आहे. तो ४ इंचांनीं वर गेला, तर कागदावर ४१ अंशांच्या कलास उलटणारी गाडी ३८ अंशांसच उलटेल. वळणाचा वेग आणि मालाचें हलणें यांनीं प्रत्यक्षांत ती त्याच्या किती तरी आधींच उलटते. कालव्याच्या काठावरून जाणाऱ्या गाडीस हे तीन अंश थोडे नव्हेत. शिवाय हौद्याची उंची वाढली, कीं प्रत्येक क्रेट व प्रत्येक गोणी मजुरांस तितकीच अधिक उचलावी लागते, हेंही विसरतां कामा नये.

कायद्याची बाजूही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करण्यास मनाई केली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तिचा कडक अर्थ लावला. झिजलेला भाग मूळ मापाचा बसविणें ही दुरुस्ती होय. भलतीच उंची व भलते टायर हा फेरफार ठरतो. अपघात झाल्यास विमा कंपनी नेमकें हेंच विचारते. जादा पाटा घातल्यानें नोंदणींत लिहिलेला भार एका किलोनेंही वाढत नाहीं. जादा भारास २०,००० रुपये व शिवाय प्रत्येक जादा टनामागें २,००० रुपये अशी दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्यांत आली आहे.

आतां खर्चाची वांटणी. समजा ६०,००० रुपये बाजूस काढले आहेत. त्यांतील निम्मे प्रथम ब्रेक, स्टेअरिंगचे सांधे आणि चांगल्या खांचांचे मूळ मापाचे टायर यांवर घालावे. चिखलांत गाडी रुतते ती बहुधा गुळगुळीत टायरांमुळें. सुमारें २४,००० रुपये पाटे, बुश, शॉकॲब्सॉर्बर व नवे यू-बोल्ट यांस ठेवावे. जुने यू-बोल्ट पुन्हां वापरूं नयेत, आणि नवे बसविल्यावर कांहीं दिवसांनीं पुन्हां आंवळून घ्यावे. उरलेले ६,००० रुपये हातचे राखावे, कारण जुनी गाडी उघडल्यावर गंजलेलें कांहीं ना कांहीं निघतेंच. एकंदर खर्च गाडीच्या बाजारभावाच्या चौथाईपलीकडे जाऊं लागला, तर हात आंखडावा.

शेवटीं एवढेंच. एका पाणंदीवर आठ-दहा खातेदारांच्या गाड्या चालतात. प्रत्येकानें आपापली गाडी उंच करण्यापेक्षां सर्वांनीं मिळून चाकोऱ्यांत मुरूम टाकला व कडेनें चर काढला, तर तोच पैसा सर्वांच्या उपयोगी पडेल. गाडी दोन इंच उंच करणें एकट्याचें काम आहे. रस्ता दोन इंच भरणें हें गांवाचें काम आहे, आणि तेंच अधिक टिकाऊ.