सुधारणा कोणाच्या हाती टिकते?

अयोध्या नगर, भोपाळ

सुरतेच्या प्लेगने १९९४ साली सर्वत्र धास्ती पसरली असताना इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाची इमारत रिकामी करून हजारो उंदरांचा नायनाट करण्यात आला, आणि त्याच मोहिमेतून उदयास आलेल्या, रुग्णालयाच्या कारभारात लोकसहभाग आणणाऱ्या रोगी कल्याण समितीचे अनुकरण आधी आपल्या मध्य प्रदेशात व नंतर देशभर झाले. त्याच रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात २०२५ च्या ऑगस्टअखेर दोन अर्भकांना उंदरांनी चावे घेतले, आणि ती दोन्ही दगावली. मृत्यूचे कारण जन्मजात व्याधी होते, असे प्रशासनाने सांगितले. परंतु अतिदक्षता कक्षात उंदीर शिरलेच कसे, या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. परिचारिकांचे निलंबन मात्र तत्काळ झाले.

मोहीम हुकमाने निघते, पण तिचे फलित टिकवणे हे रोजच्या दक्षतेचे काम असून ती दक्षता वॉर्डात कोणाच्या अंगी मुरते, हे पाहायचे तर मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाकडे वळले पाहिजे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अमानुष अत्याचार झाला, आणि त्यानंतर १८ मे २०१५ रोजी प्राण जाईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या शय्येला खिळून होत्या. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, तोवरच्या साऱ्या काळात त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण होऊ न देणाऱ्या परिचर्येचा गौरव केला. ज्याने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा केली आहे, त्यालाच या गोष्टीचे मोल कळेल. कारण दर दोन तासांनी कूस पालटणे, त्वचा कोरडी ठेवणे, चादरीची सुरकुती काढणे ही कामे तिन्ही पाळ्यांत व्हावी लागतात, आणि थोड्याशा हयगयीनेही कातडी सोलवटते. अधिष्ठाते बदलले, परिचारिकांच्या पिढ्या सेवानिवृत्त झाल्या. तरीही चार्ज देणारीकडून चार्ज घेणारीकडे, जुन्या सिस्टरकडून नवशिक्या मुलीकडे ती रीत अखंड चालत आली. ही परंपरा केवळ परिपत्रकाने निर्माण झाली नसती, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे मात्र वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेवर, म्हणजे सिस्टर इन्चार्जवर, जबाबदारी सगळी आणि अखत्यार जवळजवळ नाही. साबण संपला तर मागणीपत्र, नळ बिघडला तर अर्ज. आणि तपासणी पथक येऊन गेले की भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता तेवढा उरतो. अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे मानक आहे. पण एकाच परिचारिकेवर अवघ्या वॉर्डाचा भार टाकायचा आणि वर तिच्याकडून नव्या मुलींना शिस्त लावण्याची अपेक्षा करायची, हा अन्याय आहे. वॉर्डाचा अनुभव असलेल्या सिस्टरची अकारण बदली करणे हाही माझ्या लेखी रुग्णांवरचाच अन्याय.

अयोध्या नगरातील ज्या वाचकांचा रोगी कल्याण समितीच्या सभासदांशी परिचय असेल, त्यांनी एवढा आग्रह धरावा : समितीच्या प्रत्येक बैठकीत सिस्टर इन्चार्जचा लेखी अहवाल प्रथम वाचला जावा, आणि तिने मागितलेल्या साबणाचा, नळाचा व मनुष्यबळाचा निर्णय त्याच बैठकीत व्हावा.