सुट्टी पाहून मासे येत नाहीत

दिवाळी संपली की हिंगणघाटात दरवर्षी कुणाच्या तरी डोक्यात कोकण शिरतं. यंदा आमच्या मित्रमंडळींचा बेत आहे किनाऱ्यावरून मासे मारण्याचा. 24 ते 28 डिसेंबर, मालवण, पाच जण, ऑनलाइन मागवलेले दोन गळ. गाडी, खोली, दारू, सगळ्याचा हिशेब झाला. भरती कधी आहे, हे कुणीच विचारलं नाही. मी विचारलं, तर उत्तर आलं, "समुद्र काय पळून चालला का बे?"

पळतो. दिवसातून दोनदा. किनाऱ्यावरच्या पोरांनाही येतो असा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आगेमागे. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला ओढ जबर. अष्टमीला भांग, ओढ कमी. म्हणजे सहल ठरवायला आधी पंचांग लागतं, रजेचा अर्ज नंतर. आपण उलटं करतो आणि भर ओहोटीत ओल्या वाळूवर गळ घेऊन उभे राहतो.

पण अज्ञान हा माझा मुख्य आक्षेप नाही, ते दोन दिवसांत जातं. आपण किनारा रिकामा समजतो, हा खरा आक्षेप आहे. मालवणच्या वाळूवर रापण लागते. जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धवर्तुळ मारत पाण्यात जाळं सोडत जाते, दुसरं टोक किनाऱ्याला आणते, आणि मग दोन्ही बाजूंनी माणसं ते ओढतात. जे येईल त्याचे वाटे पडतात. या जाळ्याला माशामागे जाता येत नाही. बांगडा-तारली काठाजवळ आली तरच पोट भरतं.

आणि तेच काठाजवळ येणं कमी झाल्याची पारंपरिक मच्छीमारांची तक्रार आहे. थवाच्या थवा वेढणाऱ्या पर्ससीनवर राज्य सरकारने 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने निर्बंध घातले. एलईडी दिव्यांनी मासे गोळा करण्यावर केंद्राने 2017 मध्ये बंदी आणली. कायदा कागदावर आहे. तरी रात्री समुद्रात उजेड दिसतो, अशी तक्रार किनारा करतच असतो.

"यात आमचा काय संबंध? आम्ही तर पैसे देऊन येतो," असं मित्र म्हणतात. त्यात तथ्य आहे. तारकर्लीकडे अनेक मच्छीमार घरांनीच खोल्या काढल्या आहेत. पण ताटात आपण मागतो काय? रोज सुरमई, रोज पापलेट, तेही स्वस्त. रापणीतली तारली कुणी मागत नाही. स्वस्त हवं म्हणून हॉटेलवाला तळहाताएवढं पापलेट तळतो आणि आपण त्याचा फोटो काढतो. 2023 मध्ये राज्याने पापलेटला राज्यमासा केलं, त्याच वर्षी 54 जातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं. पिल्लू गिऱ्हाइकानेच नाकारलं नाही, तर असा नियम कोण पाळणार?

दुसरी गोष्ट घराजवळची. आमच्या गावाला नदी आहे, वणा. भोई-ढिवरांची जाळी तिच्यात पिढ्यान्पिढ्या पडत आली. तिच्यात गावाचं सांडपाणी जातं तेव्हा आपल्यातला एकही गळवाला नगरपालिकेत जात नाही. वणेचं पाणी वर्धेत, तिथून प्राणहितेत, गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. आपण घाण पूर्वेच्या समुद्राला पाठवतो आणि ताजे मासे मारायला पश्चिमेच्या समुद्रावर जातो.

जाऊ नका, असं मी म्हणत नाही. मीही जाणार आहे. पण तिथी पाहून जाऊ. रापण लागली असेल तिथे गळ टाकायचा नाही; विचारून दोर धरायचा, मिळाला तर हाताला येईल तो बांगडा घ्यायचा, पैसे देऊन. पिल्लू गळाला लागलं तर सोडायचं, ताटात आलं तर परत पाठवायचं. आणि परतल्यावर एक रविवार वणेच्या काठी जायचं, भोयांशी बोलायला. एवढं जमणार नसेल, तर ते दोन गळ इथेच राहू देत.